चार्जरवर अर्थिंगचा लाल दिवा लागतो; सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडणे सुरक्षित आहे का?

प्रश्न (सांगलीहून)

नमस्कार. सांगलीत आमचे १९८०च्या दशकात बांधलेले बैठे घर असून नुकतीच आम्ही विजेवर चालणारी मोटार घेतली आहे. गाडीबरोबर आलेला चार्जर पोर्चमधील १६ अँपिअरच्या सॉकेटला लावला की त्याच्या पेटीवरचा अर्थिंगचा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग सुरूच होत नाही. त्याच सॉकेटवर इस्त्री आणि पाण्याचा पंप वर्षानुवर्षे बिनतक्रार चालत आल्यामुळे चार्जरच सदोष असावा असे आम्हाला आधी वाटले. परंतु तोच चार्जर माझ्या मेहुण्यांच्या नव्या घरी लावून पाहिला, तेव्हा तो व्यवस्थित चालला.

ओळखीच्या वायरमनने बोर्ड उघडून पाहिला आणि घरात अर्थिंग येतच नाही असे सांगितले. त्यावर त्याने सुचवलेला उपाय असा की, सॉकेटच्या आतच न्यूट्रलच्या पिनेपासून अर्थच्या पिनेला वायरचा लहानसा तुकडा जोडावा, म्हणजे लाल दिवा जाईल आणि गाडी चार्ज होऊ लागेल. न्यूट्रलला हात लावला तरी शॉक बसत नाही, मग त्यात धोका कोणता, असे वडिलांचे म्हणणे आहे. मला हा उपाय पटत नाही, पण का पटत नाही हे त्यांना नीट समजावूनही देता येत नाही. आमचा पोर्च एका बाजूने उघडा आहे, पावसाळ्यात फरशी ओली असते आणि मुले तिथे अनवाणी खेळत असतात.

असा तुकडा जोडण्यात नेमका धोका काय आहे? घरातील अर्थिंग खरोखर चांगले आहे हे कसे तपासावे? वायरमन फेज आणि अर्थ यांच्यामध्ये शंभरचा दिवा लावून दाखवतो, ती चाचणी पुरेशी आहे का? आणि पुढेमागे ७ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर बसवायचा झाला, तर आत्ताच कोणती तयारी करून ठेवावी?

उत्तर (निवृत्त विद्युत अभियंता, पुणे)

नमस्कार. तो तुकडा कृपया जोडू देऊ नका, आणि एव्हाना जोडला गेला असेल तर मेन स्विच बंद करून आजच काढून घ्या. तुमचा चार्जर बिघडलेला नाही. ज्या कामासाठी त्यात अर्थिंगची तपासणी ठेवलेली आहे, तेच काम तो करतो आहे.

गाडी रबरी टायरांवर उभी असते, म्हणजे जमिनीपासून विलग असते. चार्जिंग चालू असताना गाडीच्या धातूच्या सांगाड्याचा जमिनीशी खात्रीचा संबंध एकाच मार्गाने येतो, तो म्हणजे चार्जरच्या केबलमधील हिरवी वायर आणि तुमच्या सॉकेटमधील वरची जाड पिन. गाडीतील चार्जिंग यंत्रणेत, केबलमध्ये किंवा जोडणीच्या जागी फेजचे इन्सुलेशन खराब झाले, तर तो प्रवाह या वायरीतून जमिनीत जाणे अपेक्षित आहे. ही वायर कुठेच पोचत नसेल, तर गाडीचा सगळा पत्रा फेजच्या दाबावर येतो आणि गाडी तशीच शांतपणे उभी राहते. मग दाराला हात लावणारा, ओल्या फरशीवर अनवाणी उभा असलेला माणूस हाच जमिनीकडे जाण्याचा मार्ग होतो. साधारण १० मिलिअँपिअरच्या पुढे माणसाला पकड सोडवता येत नाही आणि ३० मिलिअँपिअरच्या पुढचा प्रवाह काही क्षण टिकला, तर हृदयाची लय बिघडू शकते. इस्त्री किंवा पंप असे काही तपासत नाही, म्हणून ती उपकरणे इतकी वर्षे चालत राहिली. ती सुरक्षित होती असा त्याचा अर्थ नाही.

आता वडिलांच्या मुद्द्याकडे वळतो, कारण तो पुष्कळांना पटतो. न्यूट्रलला हात लावला तरी शॉक बसत नाही हे खरे आहे, पण रोहित्रापाशी जमिनीशी जोडलेल्या बिंदूपर्यंत न्यूट्रलची वाट अखंड आहे तोवरच ते खरे असते. खांबावरील जोड, मीटरचा स्क्रू, जुन्या मेन स्विचचा कटआउट यांपैकी कोणत्याही ठिकाणी न्यूट्रल सुटली, की घरातील चालू असलेला फ्रिज, पंखा किंवा गीझर यांच्यामधून फेजचा दाब थेट न्यूट्रलच्या वायरीवर येतो. पावसाळ्यातील वाऱ्यापावसात असे सुटणे मुळीच दुर्मीळ नाही. दिवे जातात, घरच्यांना वाटते की वीज गेली, आणि नेमक्या त्याच वेळी सॉकेटमधील तुमच्या तुकड्यामुळे गाडीचा पत्रा जिवंत झालेला असतो. प्रवाह मर्यादेपेक्षा वाढलेला नसल्यामुळे एमसीबी (जादा प्रवाह झाला की आपोआप बंद होणारा स्विच) पडत नाही आणि फ्यूजही वितळत नाही.

दुसरी शक्यता त्याहून वाईट आहे. खांबावरच्या किंवा मीटरच्या दुरुस्तीत फेज आणि न्यूट्रल यांची अदलाबदल झाली, तर घरातील सारे काही पूर्वीसारखेच चालते, म्हणून कोणाच्या काही लक्षात येत नाही. पण तुकडा जोडलेल्या सॉकेटची अर्थ पिन मात्र सरळ २३० व्होल्टवर येते. यात चार्जरही फसतो. त्याला केवळ स्वतःच्या तीन पिनांची एकमेकींशी तुलना करता येते, आणि फेजची पिन व अर्थची पिन यांच्यातील फरक तेव्हाही २३० व्होल्टच दिसतो. गाडीला हात लावणाऱ्याचे पाय कुठे आहेत, हे चार्जरला कळण्याचा मार्ग नाही. लाल दिवा ही तुमच्याकडे असलेली एकमेव सूचना होती, आणि त्या तुकड्याने तीच गप्प होते.

तुमच्या घराच्या वयावरून एक शंका येते. त्या काळात अनेक घरांची अर्थिंगची वायर नळाच्या जीआय पाइपला बांधून टाकत असत. पुढे गंजलेला पाइप काढून प्लास्टिकचा टाकला गेला, की घराचे अर्थिंग त्याच दिवशी संपते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. तुमच्याकडे नळकाम बदलले आहे का, हे आधी पाहावे. दुसरी शक्यता अशी की अर्थिंगसाठी जमिनीत पाइप पुरलेला खड्डा आहे, पण त्यातील वायर गंजून तुटली आहे.

दिव्याच्या चाचणीविषयी तुम्ही विचारलेत ते बरे झाले. १०० वॅटच्या दिव्याचा तापलेल्या अवस्थेतील रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) सुमारे ५२९ ओहम असतो. तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम इतका वाईट असला, तरी दिव्यावर २२१ व्होल्टच्या आसपास दाब मिळतो आणि तो लख्ख पेटतो. म्हणजे दिवा पेटला तर अर्थची वायर कुठेतरी पोचते इतकेच सिद्ध होते. दोषाच्या वेळी ती किती उपयोगी पडेल, हे सिद्ध होत नाही. मल्टिमीटरचे तर विचारूच नका, त्याचा स्वतःचा रोध इतका मोठा असतो की जेमतेम टेकलेली, गंजलेली वायरही त्याला चांगली दिसते. खड्ड्याचा रोध अर्थ टेस्टरने, जमिनीत दोन खुंट्या ठोकून मोजावा लागतो आणि सॉकेटपाशी लूपचा, म्हणजे दोषाचा प्रवाह फेजमधून अर्थकडे आणि तिथून रोहित्राकडे परत जाण्याच्या संपूर्ण वाटेचा, रोध मोजणारे वेगळे उपकरण मिळते. तुमच्या वायरमनकडे ही साधने नसतील, तर ज्याच्याकडे आहेत त्या परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवावे आणि मोजलेला आकडा लेखी घ्यावा.

हा आकडा इतका महत्त्वाचा का, ते हिशेबानेच पाहू. घरचा खड्डा १८ ओहम आणि रोहित्राकडचा २ ओहम असे धरले, तर फेज गाडीच्या पत्र्याला टेकल्यावर वाहणारा प्रवाह २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर होतो. १६ अँपिअरचा एमसीबी याने कधीच पडणार नाही, आणि ३२चा तर नाहीच नाही. गाडीचा पत्रा २०७ व्होल्टवर तासन्‌तास राहील. सी प्रकारचा १६ अँपिअरचा एमसीबी खात्रीने तत्काळ पडायला १६० अँपिअर लागतात, म्हणजे संपूर्ण लूप दीड ओहमच्याही आत हवा. तो घरच्या एकट्या खड्ड्याने साधणे बहुतेक ठिकाणी अशक्य असते. म्हणून खड्ड्याच्या जोडीला आरसीसीबी, म्हणजे जमिनीकडे होणारी प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच, अनिवार्य समजावा. ज्याला अजूनही बरेच लोक ईएलसीबी म्हणतात, तेच हे उपकरण. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी तेवढी गळती होताच जास्तीत जास्त ०.३ सेकंदात पुरवठा तोडतो, आणि मोठ्या गळतीला याहून बराच लवकर. पत्र्यावर ५० व्होल्टपेक्षा जास्त दाब टिकू नये, या निकषाने पाहिले तर त्याला खड्ड्याचा रोध १,६६७ ओहमपर्यंत चालतो असे गणित निघते. पण त्या भरवशावर वाईट खड्डा ठेवू नये, कारण उन्हाळ्यात माती सुकली की रोध कित्येक पटींनी वाढतो. घरगुती कामात ५ ओहमच्या आत आणण्याचा प्रयत्न करावा.

आरसीसीबी घेताना त्याच्यावरील खूण पाहावी. नुसती नागमोडी लहर असेल तर तो एसी प्रकारचा, आणि लहरीखाली अर्ध्या लहरींची दुसरी खूण असेल तर ए प्रकारचा असतो. गाडीतील चार्जर विजेचे रूपांतर डीसीमध्ये करतो, त्यामुळे तिथल्या दोषात डीसी गळती मिसळू शकते आणि ती एसी प्रकाराला ओळखता येत नाही. किमान ए प्रकार हवा. भिंतीवरच्या चार्जरमध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय आहे का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहावे. ती नसेल तर महागडा बी प्रकार घ्यावा लागतो. आणखी एक गैरसमज पुष्कळ ठिकाणी दिसतो: आरसीसीबीवरचे टी बटण दाबले आणि तो पडला, म्हणजे अर्थिंग चांगले, असे नाही. ते बटण केवळ उपकरणाची यंत्रणा तपासते. घरात अर्थिंग मुळीच नसले तरी ते पडतेच. महिन्यातून एकदा ते जरूर दाबावे, पण एवढ्याच अर्थाने.

सर्किटविषयी थोडक्यात सांगतो. चार्जिंगसाठी मीटरपाशी असलेल्या बोर्डापासून स्वतंत्र वायर ओढावी, मध्ये दुसरे सॉकेट किंवा जोड नसावा. १६ अँपिअरच्या सॉकेटला तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर घ्यावी. रात्रभर सलग १५ अँपिअर वाहणार असल्यामुळे अडीचची वायर आणि सैल सॉकेट दोन्ही तापतात. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही वापरू नये. पुढे ७ किलोवॅटचा, म्हणजे ३२ अँपिअरचा चार्जर येणार असेल तर आत्ताच ६ चौरस मिलिमीटरची वायर घालावी, अंतर जास्त असल्यास १०ची. अर्थची वायर फेजच्याच जाडीची असावी आणि तीही तांब्याची. ७ किलोवॅटसाठी महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागेल. त्याच वेळी मीटरपाशी अर्थ टर्मिनल आहे का, हेही विचारावे, कारण वीज पुरवणाऱ्याने ग्राहकाच्या जागेत ते द्यावे अशी विनियमांत तरतूद आहे.

उत्तर (गृहनिर्माण संस्थेचे सचिव, कोथरूड)

वरील उत्तराला संस्थांच्या दृष्टीने थोडी जोड देतो, कारण सदनिकांमध्ये राहणारे वाचकही हा धागा वाचत असतील. आमच्या संस्थेत मीटररूम एका टोकाला आणि वाहनतळ दुसऱ्या टोकाला असल्यामुळे केबल लांब जाते. सुरुवातीला एका सभासदांनी आपल्या मीटरपासून फक्त फेज आणि न्यूट्रल ओढून घेतली, आणि अर्थ मात्र वाहनतळातील दिव्यांच्या लोखंडी पाइपवरून घ्यायची ठरवली होती. तो पाइप सलग जोडलेला आहे किंवा नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हते. व्यवस्थापन समितीने ते काम थांबवले आणि प्रत्येक केबलबरोबर अर्थची स्वतंत्र वायर मीटररूममधील मुख्य अर्थिंगच्या पट्टीपर्यंत नेल्याखेरीज परवानगी द्यायची नाही, असा ठराव केला. मला तो ठराव आजही अगदी योग्य वाटतो. शेजारची गाडी ज्यांची नाही, त्यांची मुलेही तिला हात लावतात. म्हणून हा केवळ त्या सभासदाचा खासगी प्रश्न राहत नाही.

दुसरा मुद्दा असा की, सगळ्या गाड्यांना मिळून एकच आरसीसीबी बसवू नये. प्रत्येक गाडीच्या चार्जरची, दोष नसतानाही, काही मिलिअँपिअर गळती असते. अशा पाच गाड्यांची प्रत्येकी ४ मिलिअँपिअर धरली तरी २० होतात, आणि ३०चा आरसीसीबी प्रत्यक्षात १५ ते ३० यांच्या दरम्यान कुठेही पडू शकतो. मग तो रात्री-अपरात्री विनाकारण पडू लागतो, सभासद चिडतात, आणि शेवटी कोणीतरी त्याला वगळून थेट जोडणी करून टाकतो. प्रत्येक गाडीला स्वतंत्र आरसीसीबी दिला की ही वेळच येत नाही. तळघरात पाणी साचत असेल, तर सॉकेट आणि पेट्या पुरेशा उंचीवर असाव्यात, हे वेगळे सांगायला नको.

उत्तर (विद्युत ठेकेदार, रत्नागिरी)

सांगलीच्या काळ्या मातीत काम करणाऱ्यांचे नशीब चांगले, निदान पावसाळ्यात तरी. आमच्याकडे जांभा आणि त्याखाली कातळ. भारतीय मानक ३०४३ प्रमाणे अडीच मीटर लांबीचा जीआय पाइप पुरायचा म्हटले तरी कित्येकदा तो एवढा खोल जात नाही, आणि गेला तरी एका पाइपने रोध पुरेसा उतरत नाही. अशा जागी दोन किंवा तीन पाइप पुरून ते पट्टीने एकमेकांना जोडावे लागतात, आणि दोन पाइपांमधील अंतर पाइपाच्या लांबीच्या निदान दुप्पट ठेवावे लागते. जवळजवळ पुरले तर दोघांची माती एकच ठरते आणि दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. भरपूर मीठ ओतून आकडा तात्पुरता खाली आणण्याची पद्धत मला मान्य नाही. मिठाने जीआय पाइप लवकर गंजतो आणि पावसात मीठ वाहूनही जाते. बेंटोनाइट (ओलावा धरून ठेवणारी चिकणमाती) मिसळलेली भर टिकाऊ असते, ती घालावी.

काळ्या मातीबद्दलही एक सावधगिरी आहे. ती उन्हाळ्यात आक्रसते, भेगा पडतात आणि इलेक्ट्रोडपासून, म्हणजे पुरलेल्या पाइपापासून, सुटते. म्हणून जुलैमध्ये मोजलेला चांगला आकडा वर्षभराचा समजू नये. एप्रिल-मे महिन्यांत, पाणी घालण्यापूर्वी मोजलेला आकडा हाच खरा आकडा धरावा. खड्ड्याला झाकण आणि पाणी घालण्यासाठी नरसाळे ठेवावे, आणि वरचा जोड डोळ्यांनी दिसेल असा उघडा असावा. सिमेंटने लिंपून टाकलेला जोड आतून गंजला तरी कळत नाही. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत तर मी जीआय वायरऐवजी तांब्याची पट्टीच घालायला सांगतो, आणि नटबोल्ट दरवर्षी उघडून पाहतो.

उत्तर (इंग्लंडमध्ये राहणारे वाचक)

न्यूट्रल आणि अर्थ जोडण्याच्या धोक्याविषयी इथली स्थिती सांगण्यासारखी आहे. इंग्लंडमध्ये बहुसंख्य घरांना वीज कंपनीच अशी एकत्र वायर पुरवते, ती वाटेत अनेक ठिकाणी जमिनीशी जोडलेली असते आणि तिची देखभालही कंपनी करते. एवढे असूनही, रस्त्याखालील ती वायर तुटली तर घराबाहेर उभ्या असलेल्या मोटारीचा पत्रा जिवंत होऊ शकतो, म्हणून इथल्या वायरिंगच्या नियमांत घराबाहेरच्या चार्जिंगसाठी स्वतंत्र अटी घातलेल्या आहेत. एक तर जमिनीत वेगळा इलेक्ट्रोड ठोकावा लागतो, किंवा दाब २०७ ते २५३ व्होल्टच्या बाहेर गेला की फेज, न्यूट्रल आणि अर्थ या तिन्ही वायरी तोडणारे उपकरण बसवावे लागते. कंपनीने देखभाल केलेल्या जोडाबाबतही इतकी काळजी घेतली जाते, हे सांगलीच्या मित्रांनी आपल्या वडिलांना अवश्य सांगावे. सॉकेटमधील तुकड्यामागे यांपैकी कोणतेच संरक्षण नसते.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. नळकामाविषयीची शंका खरी निघाली. मागच्या अंगणातील जुन्या पाइपला गुंडाळलेली वायर सापडली, आणि तो पाइप आता हातभर अंतरावर संपतो. पुढे सगळा प्लास्टिकचा आहे. सॉकेटमध्ये तुकडा जोडलेला नाही, आणि वडिलांनीही आता तो विषय सोडला आहे. नवा खड्डा घ्यायचे ठरले आहे. त्याविषयी एकच शंका उरते: नवा खड्डा फक्त गाडीसाठी ठेवावा, असे वायरमनचे म्हणणे आहे, म्हणजे गाडीचा दोष घरात येणार नाही. हे बरोबर आहे का? आणि खड्डा तयार होईपर्यंत घरच्या इन्व्हर्टरवर गाडी चार्ज करता येईल का?

उत्तर (निवृत्त विद्युत अभियंता, पुणे)

खड्डा फक्त गाडीसाठी ठेवू नये. आज तुमच्या संपूर्ण घरालाच अर्थिंग नाही, हे विसरू नका. गीझर, फ्रिज, पंप आणि धुलाई यंत्र यांनाही त्याची तितकीच गरज आहे. शिवाय एकमेकांशी न जोडलेली दोन अर्थिंग एकाच घरात असली, तर दोषाच्या वेळी त्यांच्यात दाबाचा फरक पडतो, आणि एका हाताने गाडी व दुसऱ्या हाताने पंपाची पेटी धरणाऱ्याला तो फरक भोगावा लागतो. मेन बोर्डापाशी तांब्याची एक पट्टी बसवून घ्यावी, नवा खड्डा तिला दोन स्वतंत्र वायरींनी जोडावा आणि घरातील सगळी अर्थ, गाडीच्या सॉकेटसह, त्याच पट्टीवर आणावी. गाडीचा दोष घरात येऊ नये, हे काम गाडीच्या सर्किटवरील स्वतंत्र आरसीसीबी करतो.

इन्व्हर्टरवर चार्ज करू नये. घरगुती इन्व्हर्टरची क्षमता बहुधा ३ किलोवॅटच्या भाराला पुरत नाही, आणि बॅटरीवर चालताना अनेक इन्व्हर्टरची न्यूट्रल जमिनीशी जोडलेली नसते, त्यामुळे चार्जर पुन्हा लाल दिवाच दाखवील. तोवर मेहुण्यांकडे किंवा सार्वजनिक केंद्रावर चार्ज करावे. काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराकडून तीन आकडे लेखी घ्यावेत: खड्ड्याचा रोध, पोर्चमधील सॉकेटपाशी मोजलेला लूपचा रोध, आणि आरसीसीबी प्रत्यक्ष किती मिलिसेकंदांत पडला ती वेळ. सॉकेटमध्ये फेज उजव्या बाजूला आली आहे ना, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे, कारण उलटी जोडणी असली तरी काही चार्जर अर्थिंगचाच दोष दाखवतात आणि चांगल्या खड्ड्यावर विनाकारण संशय घेतला जातो.